बिबटे डॉक्टर आणि जंगलभर पसरलेली साखर

एका जंगलात, मुलांनो, जवळजवळ सगळ्यांना डायबेटीस होता.

सशांना होता, हरणांना होता, रानडुकरांना होता. नुकत्याच जन्मलेल्या पाडसालाही होता. दवाखान्यात रक्त तपासलं की साखर तीनशेच्या वर. जंगलात कारली मिळेनाशी झाली होती.

डॉक्टर होते बिबटे, जातीनेही बिबट्याच. हुशार, टापटीप, पंजाला गुण असलेले. पेशंटला अगदी जवळ ओढून, डोळ्यांत डोळे घालून ते तपासत. “घाबरायचं नाही हं,” म्हणत आणि हसत. हसले की सगळे दात दिसत. मग त्यांचा कंपाउंडर, हुप्पे नावाचा वानर, पेशंटच्या कानाला सुई टोचून थेंबभर रक्त मशीनवर घेई.

“तीनशे वीस, साहेब.”

“वाटलंच. आजकाल ताणतणाव फार वाढलाय,” डॉक्टर म्हणत. ताण कशाचा, हे विचारायला कुणी थांबत नसे.

एकट्या भागाबाई म्हशीची साखर बरोबर निघाली. डॉक्टरांनी डोळ्यांत डोळे घातले, तर तिने जांभई दिली. डॉक्टर काळजीत पडले.

“समोर मी उभा आहे आणि ही रवंथ करते? हिचं थायरॉइड मंद आहे.”

भागाबाईला गोळ्या सुरू झाल्या. पाहता पाहता ती चिखलातून आपणहून उठायला लागली. भसाभसा खायची आणि वाळत जायची. छातीत धडधडतंय म्हणून भर उन्हात तळ्याभोवती पळायची. सगळे म्हणाले, “बघा, केवढी तरतरी आली!”

आता कापशीची गोष्ट. कापशी म्हणजे एक सशीण. तिला एकच पिल्लू, बोंडू. एकदा गवताचं पातं नाकात गेलं म्हणून बोंडू शिंकला. एकदाच शिंकला. कापशी त्याला घेऊन तडक दवाखान्यात. (तिला हसू नका. मी हसत नाही. मी कुठल्या तोंडाने हसू?)

बोंडूची साखर निघाली तीनशे चाळीस. रोज सकाळी इन्सुलिनची सुई ठरली. निघताना हुप्पे म्हणाला, “वहिनी, चक्कर आली तर हिरड्यांना मध चोळा.”

कापशी शहाण्या आईसारखी रोज सुई टोचू लागली. आणि एका सकाळी, टोचल्यावर थोड्या वेळाने, बोंडूचे पाय लटपटले. डोळे फिरले. तो आडवा झाला. कापशीने त्याच्या हिरड्यांना मध चोळला. बोंडूने डोळे उघडले आणि म्हणाला, “अजून दे.”

मग कापशी बिळाबाहेर जाऊन रडली. आपल्याच हाताने टोचलं ना! रडून झाल्यावर तिच्या मनात आलं : इन्सुलिनने साखर उतरते. ती एवढी उतरली, म्हणजे मुळात चढलेली होती का?

तिने हुप्प्याला घरी बोलावलं. बोंडू उड्या मारत होता, तसाच पकडून त्याने कान टोचला. पंच्याण्णव.

“मशीन बिघडलं,” हुप्पे म्हणाला. “साहेब नसले की ते असंच करतं.”

“म्हणजे साहेब नसताना…”

“सगळ्यांचीच नॉर्मल येते. म्हणून तर आम्ही ते आकडे धरत नाही.”

कापशी दवाखान्यात गेली. उद्याची सुई थांबवायची होती. वाटभर तिने एक वाक्य घोकलं होतं. आत गेल्यावर ते कसंबसं बाहेर पडलं.

“साहेब, बोंडूची साखर तुम्हाला बघून चढते.”

डॉक्टरांना फार लागलं.

“मला बघून? अहो बाई, दवाखान्यात मी आजवर कुणालाही खाल्लेलं नाही!” हे खरंच होतं. ते बाहेर खात. “भिऊन कुणाची साखर चढते का? हुप्पे, माझी तपास!”

हुप्प्याने सुई काढली. कापशी खाली बघत म्हणाली, “ओढ्याकाठी वनखात्याचा नवा पिंजरा लागलाय म्हणे. आत बोकड बांधलाय.”

हे ती मुद्दाम बोलली की घाबरून तोंडाला येईल ते बोलली, हे तिचं तिलाही अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर दोनदा दाराबाहेर डोकावून आले. मग हुप्प्याने टोचलं. तीनशे ऐंशी.

आता तरी त्यांना कळेल, असं वाटतं ना तुम्हाला? पण डॉक्टर शिकलेले होते.

“अरे देवा! मलाही डायबेटीस!” असं म्हणून त्यांनी स्वतःला इन्सुलिन टोचून घेतलं. चांगलं बिबट्याच्या मापाचं.

थोड्या वेळाने त्यांचे पाय लटपटले, डोळे फिरले आणि ते आडवे झाले.

दारात पेशंटांची रांग होती. कुणी हललं नाही.

“आपण काही केलं नाही हं,” हरीण म्हणालं.

“झोप लागली असेल. कशाला उठवता?” रानडुक्कर म्हणालं.

हुप्पे तोवर झाडावर चढला होता. “वहिनी, मध! हिरड्यांना! हिरड्या माहीत आहेत ना? दातांच्या जरा वर.”

बोंडूला चक्कर आल्यापासून कापशी मधाचा द्रोण जवळच बाळगत होती. आई झाल्यापासून तिला कुणाचेच डोळे फिरलेले बघवत नसत. ‘मूर्ख आहेस तू, कापशे,’ असं स्वतःला म्हणत तिने बिबट्याच्या जबड्यात हात घातला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. तिचा हात अजून आतच होता.

हुप्पे खाली उतरला आणि, काही सुचेना तेव्हा, सवयीने कापशीच्या कानाला सुई टोचून मोकळा झाला.

“साहेब, आकडा मशीनमध्ये मावत नाही.”

डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं. कापशीकडे पाहिलं. मग तिचा हात कुठे आहे ते पाहिलं. फार सावकाश त्यांनी जबडा उघडला.

“बोंडूची सुई बंद,” ते म्हणाले. “सगळ्यांच्याच बंद. भागाबाईंची गोळीसुद्धा.”

“आणि मला काय औषध, साहेब?”

“तुम्ही पळा, बाई. माझी साखर उतरलीय आणि मला भयंकर भूक लागलीय.”

कापशी पळाली. तिच्यामागे रांगही पळाली.

आता डॉक्टर चटईच्या आडून तपासतात. भागाबाई चिखलात परतली. “बिचारी पुन्हा आळशी झाली,” असं लोक म्हणतात. बोंडूला मात्र दिवसाकाठी एकदा तरी चक्कर येते, आणि दरवेळी कापशी मध घेऊन धावते.

तात्पर्य : मुलांनो, डॉक्टरांना कधीही घाबरू नये. ते जेवून आले आहेत ना, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं.