गुरुवार, दहा ते बारा

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी हेल्से बेटाच्या सभागृहात जी बैठक झाली, तिच्यापुढे एकच अर्ज होता. अर्जदार एरलंड हार्कस, वय एकसष्ट, धंदा मेंढ्या आणि खेकड्यांचे पिंजरे. मागणी अशी की, दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा कुणीतरी घरी येऊन त्याच्या बायकोजवळ बसावं.

त्याच्या बायकोला, थोराला, एकोणीस वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या ऑर्कनीच्या बेटांवर हा आजार इतका आढळतो की त्याबद्दल बाहेरच्या कुणी आम्हाला काही शिकवू नये. थोराचे आधी पाय गेले, मग हात थरथरायला लागले. जिभेला मात्र आजाराने अजून हात लावलेला नाही, ही गोष्ट बेटावरचे काही लोक थोड्या खेदानेच सांगतात.

एरलंड तिला दिवसातून आठ वेळा उचलतो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत. त्यात त्याचा उजवा खांदा निकामी होत आला होता. फिजिओथेरपीवाल्या बाई दर गुरुवारच्या बोटीने येतात, आमच्याच सभागृहात दहा ते बारा बसतात आणि त्याच बोटीने परत जातात. डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं होतं की खांद्यावर इलाज झाला नाही तर एरलंडला उचलणं बंद करावं लागेल, आणि मग थोराला समुद्रापलीकडच्या शहरात, शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. अर्जाच्या शेवटी एरलंडने स्वतःची एकच ओळ घातली होती: ‘तसं झालं तर मला जमणार नाही.’

चिटणीस या नात्याने अर्ज मीच वाचून दाखवला. सभा हेलावली. मग रिवाजाप्रमाणे कॉग फिरवण्यात आलं.

कॉग म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, दोन कानांचं, छोट्या बादलीसारखं भांडं. त्यात गरम घरगुती बिअर, रम, साखर आणि मिरपूड. इतर बेटांवर ते फक्त लग्नात फिरतं. आमच्या आजोबांनी ते बैठकीतही आणलं आणि नियम घातला: ज्याच्या हातात कॉग रिकामं होईल, त्याच्या गळ्यात काम. धक्का रंगवणं असो की चर्चचं छप्पर शाकारणं असो. आजोबांच्या काळात कॉग तिसऱ्या-चौथ्या माणसापाशीच संपायचं. नंतर लोक सुधारले. आता कॉगला फक्त ओठ लावतात, ‘आहा’ म्हणतात आणि शेजाऱ्याकडे सरकवतात. माझ्या नोंदीप्रमाणे गेल्या अकरा वर्षांत ते एकदाही रिकामं झालेलं नाही. एकदा बैठकीनंतर मोजलं, तर किंचित वाढलेलं निघालं.

त्या संध्याकाळी ते दोनदा फिरलं. प्रत्येकाने पुढे देण्याआधी सुस्कारा सोडला, आणि असे सत्तावन्न सुस्कारे कार्यवृत्तात घेतले आहेत. शेवटी अध्यक्ष ग्राउंडवॉटरबाईंनी कॉगवर झाकण ठेवलं.

“एकोणीस वर्षं ज्याने अशी सेवा केली, त्याला आपण नुसते दोन तास द्यायचे?” त्या म्हणाल्या. “हा तर त्याचा अपमान झाला.”

सगळ्यांनाच ते एकदम पटलं. दोन तास देऊन एरलंडचा अपमान करण्यापेक्षा त्याचा सन्मान करावा, असं एकमताने ठरलं. ‘अखंड सेवामूर्ती’ ही पदवी द्यावी. अर्ज शिफारशीसह शहरातल्या मदत-नियोजन कक्षाकडे पाठवावा.

कक्षाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. एवढ्या तत्परतेने त्यांनी आजवर फक्त नकारच कळवले आहेत, आणि हाही नकारच होता. ‘अर्जदाराने एकोणीस वर्षं बाहेरच्या मदतीविना समाधानकारक शुश्रूषा केल्याचं आपल्याच समितीने प्रमाणित केलं असल्याने मदतीची गरज सिद्ध होत नाही. सन्मानाबद्दल अभिनंदन.’

एरलंड पत्र घेऊन माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. थोराला खुर्चीत बसवून आलो आहे, वीस मिनिटं आहेत, म्हणाला.

“म्हणजे तुम्ही माझी स्तुती केलीत म्हणून मला माणूस मिळणार नाही?”

तसं एका वाक्यात मांडणं बरोबर नाही, असं मी त्याला समजावलं. सन्मान नाकारायची त्याला मोकळीक होती. पण मग सेवा प्रमाणित नाही असं कळवावं लागेल, आणि प्रमाणित नसलेल्या सेवेची आधी चौकशी होईल. शिवाय निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

त्याने थोडा विचार केला. “मग थोडी कमी स्तुती करा ना. अधूनमधून तिच्यावर ओरडतो म्हणून लिहा. ओरडतोच मी.”

हा विनय मी मानपत्रात दुसऱ्या परिच्छेदात घेतला.

समारंभाच्या आधी फोटो हवा होता. दुकानदार डेव्ही फूबिस्टर कॅमेरा घेऊन हार्कसांच्या घरी गेला. एरलंड थोराला उचलतो आहे आणि मागे समुद्र, असं चित्र समितीने मंजूर केलं होतं. पहिल्या वेळी ऊन गेलं. दुसऱ्या वेळी थोरा हसत नव्हती. तिसऱ्या वेळी ती हसली, पण डेव्हीच्या मते ते सेवामूर्तीच्या पत्नीचं हसू नव्हतं, डेव्हीलाच हसल्यासारखं वाटत होतं. चौथ्या वेळी एरलंडच्या खांद्यातून ओलं फाटक उघडावं तसा आवाज आला. फोटो उत्तम आला आहे. एरलंडच्या चेहऱ्यावरची वेदना पाहून ग्राउंडवॉटरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असा त्याग त्यांनी आजवर फोटोत पाहिला नव्हता.

समारंभ गुरुवारी दहा ते बारा ठेवला. सभागृह नेमकं त्याच वेळी मिळण्यासारखं होतं, कारण फिजिओथेरपीवाल्या बाईंना त्या आठवड्यात येऊ नका असं कळवता आलं.

एरलंड उजवा हात झोळीत बांधून आला. सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. सहा गडी धावत पुढे झाले आणि त्यांनी थोराला चाकाच्या खुर्चीसकट अल्लद वर नेलं. डेव्हीने फोटो काढला. वर पोचल्यावर थोराने त्या सहा जणांकडे एकेक करून पाहिलं.

“अगं बाई, एवढी माणसं राहतात होय बेटावर? एकोणीस वर्षं मला वाटत होतं, मी आणि एरलंडच आहोत.”

मंडळी मनापासून हसली. थोराचा विनोद आजारपणातही शाबूत आहे, असं मी टिपून घेतलं.

चार भाषणं झाली. जवाच्या भाकऱ्या, चीज आणि सात प्रकारचे केक मांडले होते. ज्यांना दोन तास काढता आले नव्हते त्यांनी चार-चार तास खपून ते भाजले होते. सन्मानचिन्ह बेटावरच्याच दगडात कोरलेलं, अकरा किलोचं. एरलंडला ते एका हाताने पेलेना, म्हणून थोराच्या मांडीवर ठेवलं.

“बरं झालं,” थोरा म्हणाली, “आता वाऱ्याने उडून जायची भीती नाही.”

मग कॉग आलं. आजचं कॉग केवळ शोभेचं, असं ग्राउंडवॉटरबाईंनी जाहीर करण्याआधीच थोरा बोलली. “बाई, अर्ज अजून पडून आहे ना? मग नियमाने फिरवा. गुरुवार, दहा ते बारा.”

कॉग निघालं. ओठ, आहा, शेजारी. ओठ, आहा, शेजारी. एवढ्या वेगाने ते लग्नातही फिरलेलं नाही. फिरत फिरत ते एरलंडकडे आलं. थोराच्या हातात ते राहिलं नसतं, म्हणून त्याने डाव्या हाताने एक कान धरून तिच्यापुढे केलं. तिने स्वेटरला अडकवलेली प्लास्टिकची नळी शेजारच्याला काढून कॉगमध्ये टाकायला लावली, आणि डोळे मिटून पीत राहिली. आम्ही सगळे पाहत होतो. शेवटी तळातून खर्रर्र असा आवाज आला. अकरा वर्षांनी.

“संपलं,” थोरा म्हणाली. गाल लाल झाले होते. “आता मीच येते कुणाकडे तरी गुरुवारी. कोण घेतं घरात?”

पेच नाजूक होता. समिती बाजूच्या खोलीत पंचवीस मिनिटं बसली. प्यायलं थोराने हे खरं, पण नियमात तोंडाचा उल्लेख नाही. नियम हाताचा आहे, आणि हात एरलंडचा होता. तोही एकच, पण कॉगचा नियम अर्धी जबाबदारी मानत नाही. मी बाहेर येऊन ठराव वाचला: दर गुरुवारी दहा ते बारा थोरा हार्कस यांच्याजवळ बसण्याची जबाबदारी एरलंड हार्कस यांच्यावर सोपवण्यात येत आहे.

टाळ्या पडल्या. एरलंडने टाळी वाजवली नाही, पण एका हाताने ती वाजतही नाही.

त्याने ती जबाबदारी पाच गुरुवार चोख पार पाडली. सहाव्या आठवड्यात तो तिला उचलताना दोघेही न्हाणीत पडले आणि पोस्टमन येईपर्यंत तिथेच होते. त्यानंतर शुश्रूषागृहाची जागा लगेच मिळाली. थोराला धक्क्यावर न्यायला तेच सहा गडी न बोलावता आले. बोट गुरुवारचीच होती, बारानंतर सुटणारी. सगळं बेट दहालाच निरोपाला लोटलं होतं, आणि बारापर्यंत कुणीही हललं नाही. एरलंड तिची शाल सारखी करत होता.

“पुढच्या गुरुवारी खांदा दाखव,” ती त्याला म्हणाली. “आता माणूस लागायचा नाही.”

बोट सुटायच्या आत मी हे लिहून घेतलं, कारण मूळ अर्जातली अडचण त्यामुळे दूर होत होती. अर्जदाराचे गुरुवार मोकळे झाले. अर्ज निकाली काढला आहे.

बेटावर या आजाराची आणखी पाच घरं आहेत. त्यांतल्या एकाचा अर्ज आला आहे. बुधवार, दोन तास. असं घर तुमच्याही गल्लीत असेल. हे वाचताना तुम्हीही हेलावला असाल, तर कार्यवृत्तात तुमच्या सुस्काऱ्यासाठी अठ्ठावन्नावी ओळ मी रिकामी ठेवली आहे. कॉग आता तुमच्या हातात आहे. काळजी करू नका, भरलेलं आहे. फक्त ओठ लावा.