पेटीतली सतरावी वस्तू

"आजपासून मला फोकसराव म्हणणाऱ्यांची तोंडं बंद!"

अशी घोषणा करून फोकसरावांनी सकाळी दहा वाजता नव्या सिनेमा कॅमेऱ्याची पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. पेटी एवढी दणदणीत होती की चहाचे कप, पेपर आणि आईंचा चष्मा अशा सगळ्यांना उठून खुर्च्यांवर जावं लागलं.

हे नाव त्यांना सख्ख्या मोठ्या बहिणीने दिलं होतं. ताई शाळेत गाणं शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या कार्यक्रमाचं शूटिंग यांनी केलं आणि दोन तासांच्या त्या फिल्ममध्ये स्टेजवरचा पाण्याचा जग इतका स्पष्ट आला की त्याच्यावरचे तडेसुद्धा मोजता येत होते. मागे उभी असलेली ताई मात्र वाफेसारखी दिसत होती. तेव्हापासून ताई यांना फोकसराव म्हणायला लागली, मग घर म्हणायला लागलं, मग शूटिंगची गिऱ्हाइकं!

आज ताईचा शेवटचा कार्यक्रम होता. दुपारी चार वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. त्यानंतर ती निवृत्त. आदल्या रात्री तिने फोन करून सांगितलं होतं, "हे बघ, तीस वर्षं मी मुलांकडे तोंड करून हात हलवले. लोकांना माझी फक्त पाठ माहितीये. उद्या शेवटच्या गाण्याला मी वळणार आहे आणि स्वतः गाणार आहे. तेवढं एक गाणं नीट घे. बाकी जग घे, मग घे, काय वाट्टेल ते घे!"

हे ऐकून फोकसरावांना रात्रभर झोप नव्हती. जुना कॅमेरा त्यांनी कालच पलीकडच्या गल्लीतल्या शूटिंगवाल्याला विकून टाकला होता. घरात त्याला नुसतं 'पलीकडचे' म्हणत. त्या कॅमेऱ्याने वीस वर्षं इमानेइतबारे सेवा केली होती, पण त्या पाण्याच्या जगाचा डाग काही पुसला नव्हता.

त्यांनी पेटीच्या चिकटपट्टीला नख लावलं.

"हात काढा!" बायको गरजली.

बायको एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये होती. तिथे माल आला की आधी यादी, मग पेटी, मग एकेक नग मोजून टिक आणि शेवटी सही. टॅली झाल्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा जागचा हलत नसे. घरी आणलेल्या भाजीलाही ती टिक करून घ्यायची.

"अगं, हा कॅमेरा आहे, सलाइनच्या बाटल्या नाहीत!"

"म्हणूनच. एक वस्तू कमी निघाली तर दुकानदार म्हणेल तुम्हीच हरवली. मी वाचते, तुम्ही दाखवा. कॅमेरा?"

फोकसरावांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला. काळाभोर, चौकोनी, वजनदार. समोर गोल, गुळगुळीत, काळी लेन्स.

"केवढी चपटी लेन्स आहे रे!" आई म्हणाल्या.

"आई, आता सगळंच चपटं झालंय. टीव्ही बघ, फोन बघ."

टिक. वरचं हँडल, टिक. मुठीचं हँडल, टिक. बॅटरी, चार्जर, वायर, दुसरी वायर, स्क्रू, स्क्रू पिळायचा पाना, स्क्रीनवर लावायची सावली, गळ्यात अडकवायचा पट्टा, अकरा भाषांतलं माहितीपुस्तक. असं करत करत सोळा टिका झाल्या आणि बायकोचं पेन थांबलं.

"सतरा. झाकण. एक नग."

पेटीत झाकण नव्हतं. थर्माकोल उलटा केला, पिशव्या झटकल्या, पेटी डोक्यावर धरून हलवली. नाही म्हणजे नाही!

"राहू दे गं," फोकसराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "जुन्या कॅमेऱ्याचं दोरीला लटकायचं. याचं पडलं असेल कुठेतरी."

"पडलं असेल तर घरातच पडलं असेल. मी अपुऱ्या यादीवर सही करणार नाही!"

तिथून घरात जे सुरू झालं त्याला शोध म्हणणं म्हणजे वादळाला वारा म्हणण्यासारखं होतं. सोफा भिंतीपासून सुटला. गालिचा गुंडाळला. केराची टोपली पेपरावर पालथी झाली. आईंना डबा दिसला की झाकण बदलायची सवय होती, त्यामुळे संशयाची सुई त्यांच्याकडे वळली आणि त्या जाम भडकल्या.

"मी काय कॅमेऱ्याचं झाकण बरणीला लावीन?"

"मागे माझ्या हेल्मेटची काच ताटावर ठेवली होतीस, आई!"

"माश्या बसत होत्या!"

स्वयंपाकघर उपसलं. एकतीस झाकणं सापडली. त्यातल्या नऊ झाकणांच्या बरण्या कुठे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. बायकोने ती सगळी ओट्यावर मांडून माहितीपुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिली. एकही जुळेना.

एक वाजला. फोकसराव बसत होते, उठत होते, खिडकीशी जात होते, परत येत होते. शेवटी त्यांनी दुकानात फोन लावला.

"तुमच्या पेटीत झाकण नाहीये!"

"झाकण येतंच, साहेब," दुकानातून आवाज आला. "कॅमेऱ्यालाच असतं. बघा."

"कॅमेऱ्याला लेन्स आहे!"

"अच्छा, म्हणजे लेन्ससुद्धा घेतलीत! वा, छान केलंत!"

"घेतलीत म्हणजे? अख्खा कॅमेरा घेतलाय!"

"छान, छान," म्हणून त्याने फोन ठेवला. कौतुक कशाचं झालं हे फोकसरावांना कळलं नाही, पण कौतुक होतं म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं.

दोन वाजता बॅटरी भरली. फोकसरावांनी हात पुसले आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. कडेने आकडे आले, चिन्हं आली, एक लाल ठिपका आला. मधे काळं.

"काही दिसत नाहीये," आई म्हणाल्या.

"दिसत नाही? अगं, हा काळा रंग बघ! किती खोल आहे! जुन्या कॅमेऱ्यात काळं म्हणजे धुतलेल्या छत्रीसारखं यायचं. ह्याला म्हणतात सिनेमा!"

"पण मी समोर उभी आहे."

"घरात उजेड कमी आहे. हॉलमध्ये दिवे असतील. चला, चला, चला!"

साडेतीनला फोकसराव, बायको, आई, स्टँड, पेटी आणि यादी असे सगळे हॉलमध्ये पोचले. यादी आणि माहितीपुस्तक बायकोच्या पर्समध्ये होतं. झाकण गाडीत सांडलं असेल तर तिला तिथेच टिक करायची होती.

हॉल भरत होता. चाळीस मुलं स्टेजवर रांगा लावत होती. ताई धावत खाली आली.

"अरे बापरे, केवढा आहे हा!" तिने कॅमेऱ्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "दिसेन ना रे मी?"

ताईने असं कधी विचारलं नव्हतं. ती नेहमी चिडवायची. चिडवलं की बरं वाटायचं.

"ताई, पापण्या मोजून घे तू!" ते म्हणाले.

ती गेली आणि फोकसरावांनी बटण दाबलं. दिवे झगझगीत होते. स्क्रीनवर मात्र काळं. त्यांनी उजेड वाढवला, काळं. सगळं मूळपदावर आणलं, पुन्हा तेच खोल, सुंदर, सिनेमाचं काळं! कपाळावर घाम आला.

"लेन्सवर धूळ असेल," बायको म्हणाली आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागली. "अहो, ही फिरतेय!"

"फिरू दे, फोकस असेल तो!"

बायकोने आणखी एकदा पुसलं आणि लेन्स तिच्या हातात आली.

हातात आली म्हणजे अलगद, डब्याचं झाकण यावं तशी. तिने ती उलटी केली. आत पोकळ प्लॅस्टिक. पर्समधून माहितीपुस्तक निघालं. चित्र बघितलं. हुबेहूब!

"सापडलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की स्टेजवरच्या पहिल्या रांगेने दचकून सूर लावला. "अहो, झाकण सापडलं! सतरा! यादी पूर्ण!" आणि तिने टिक केली.

फोकसरावांनी कॅमेऱ्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. तिथे एक गोल भोक होतं. त्या भोकातून त्यांची वीस वर्षांची प्रतिष्ठा आत जाताना त्यांना स्पष्ट दिसली. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच्या अंगालाच होती, चेहऱ्याला नाक असतं तशी. नाक वेगळं विकत घ्यावं लागतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

दुकानात फोन लावला. "लेन्स वेगळी घ्यावी लागते, साहेब. या कॅमेऱ्यांची पद्धतच तशी आहे. पण तुम्ही तर घेतलीत म्हणालात!"

दुकान तासाभरावर. पलीकडच्यांना फोन लावला. "तुमचा जुना कॅमेरा ना? मस्त चाललाय! मी पोहण्याच्या शर्यतीला आलोय, शहराच्या दुसऱ्या टोकाला." एवढं ऐकलं आणि दिवसभराच्या फोनाफोनीने दमलेला फोकसरावांचा मोबाइल मेला.

"तुझा दे!"

बायकोच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. त्यात सहा वर्षांच्या याद्यांचे फोटो होते.

दोघांनी एकाच वेळी आईंकडे बघितलं. आई पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर रंगीत फुगे फोडत होत्या. मोबाइल नवा होता, वाढदिवसाला ताईनेच दिलेला.

"मुळीच नाही! माझ्या मैत्रिणीचा फोन यायचाय. तिच्या गुडघ्याचा रिपोर्ट आहे आज."

"आई, ताईसाठी."

आईंनी एक फुगा फोडला. मग मोबाइल दिला.

दिवे मंद झाले. आता बांधायचा कशाने? सतरा वस्तूंपैकी पट्टा पहिल्यांदा कामाला आला. कॅमेऱ्याच्या वरच्या हँडलला मोबाइल टेकवून बायकोने तो पट्ट्याने असा करकचून बांधला, जसं हॉस्पिटलमध्ये प्लॅस्टर बांधतात. खाली भलाथोरला आंधळा कॅमेरा, त्याला पुन्हा झाकण लावलेलं, आणि वर आईंचा मोबाइल. फोकसराव मात्र खालच्या काळ्या स्क्रीनमध्ये डोळे घालून, भुवया आक्रसून उभे राहिले. ताईला स्टेजवरून असंच दिसायला हवं होतं.

मुलं गात होती. ताईची पाठ दिसत होती, हात हलत होते. एक गाणं झालं, पाच झाली, आठ झाली. फोकसराव या पायावरून त्या पायावर. शेवटचं गाणं सुरू झालं. ताईने हात खाली आणले. आता वळणार!

आणि मोबाइल थरथरला. स्क्रीनवर मैत्रीण! गुडघ्याचा रिपोर्ट!

"कापा!" बायको कुजबुजली.

"कट करू नकोस, वाईट वाटेल तिला!" आई मागून म्हणाल्या.

फोकसरावांनी कट केला. रेकॉर्डिंग थांबलं होतं. घामेजल्या बोटाने लाल ठिपका दाबला, दाबला गेला नाही. शर्टाला बोट पुसलं, पुन्हा दाबला. लागला! आणि ताई वळली.

ती गायली. एकटी, हात न हलवता, जरा घाबरत आणि मग न घाबरता. छोट्याशा स्क्रीनवर तिचा चेहरा लख्ख दिसत होता, कपाळावरच्या आठीसकट. फोकसरावांना मधेच सगळं धूसर दिसायला लागलं. पण या वेळी फोकस गेला नव्हता, डोळे भरले होते.

आठवड्याने ताईने फिल्म बघितली. एकदा बघितली, मग शेवटचं गाणं सहा वेळा. नाक ओढत म्हणाली, "नव्या कॅमेऱ्याची गोष्टच वेगळी रे! आणि मी वळायच्या आधी बरोबर कट घेतलास ना, ते तर काय सुचलं तुला!"

फोकसरावांनी तोंड उघडलं. बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. ते तोंड तसंच मिटलं.

ताईने ती फिल्म सगळ्या शहराला दाखवली. हॉलमधल्या कोणीतरी काढलेला कॅमेऱ्याचा फोटोही फिरला. तिसऱ्या दिवशी पलीकडच्यांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे ती अदब होती.

"काय रिझल्ट आहे हो! मीही तोच कॅमेरा घेतोय. फक्त एक सांगा. वर पट्ट्याने बांधलेला तो जो भाग आहे ना, तो पॅकेजमध्येच येतो, का वेगळा घ्यावा लागतो?"

फोकसरावांनी आतल्या खोलीकडे बघितलं. आतून फुगे फुटल्याचा आवाज येत होता.

"वेगळा," ते म्हणाले. "कुठे मिळतो ते आईला विचारून सांगतो."