एका घासाला पन्नास

साहेब शनिवारी जेवायला येणार आणि घरात मॅक्रोबायोटिक आहाराचा नववा दिवस असणार, हा योग कोणी जुळवून आणला नव्हता. तो आपोआप आला.

आहार आणला सासऱ्यांनी. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना वाचनालयात एक पुस्तिका सापडली होती. अर्धं ताट बिनपॉलिशचा तांदूळ, उरलेल्यात ऋतूतल्या भाज्या, थोडी कडधान्यं आणि समुद्री शेवाळाचं सूप. साखर बंद, मैदा बंद. आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. हे सगळं पहिल्याच प्रकरणात होतं. दुसरं वाचायला चावण्यातून सवड मिळाली नव्हती. मास्तरांनी जुनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि मोजणी सुरू केली. तेव्हापासून घरात एकही भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला कोणाचं तोंड रिकामं नसायचं.

"बाबा, आजच्या दिवस शिट्टी नको हं," सून म्हणाली.

सात वर्षं ती विभागप्रमुखाच्या खुर्चीकडे डोळे लावून बसली होती. खुर्ची आता रिकामी झाली होती, आणि साहेबांना नवं नाव मुख्य कार्यालयाला आज दुपारी दोनच्या आत कळवायचं होतं. "तुमच्या घरी येतो, समोरासमोरच बोलायला हवं," असं साहेब स्वतःहून म्हणाले होते. याचा अर्थ एकच, हे तिने नवऱ्याला चार वेळा समजावलं होतं. कपाटात केकसुद्धा लपवून ठेवला होता.

"पाहुण्यावर जबरदस्ती कशाला करीन?" मास्तर म्हणाले. "नुसती ओळख करून देतो."

बेल वाजली. मास्तरांनी दार उघडलं, आणि दीडशे माणसांना कापरं भरवणाऱ्या साहेबांचे हात आपोआप मांड्यांना चिकटले.

"सर?"

"अरे, तू तर आमचा डावा-उजवा!" मास्तर हर्षभरित झाले. "डावा म्हटलं की उजवा पाय टाकणारा! ये, बैस. पाठ ताठ!"

साडेबाराला पानं वाढली. साहेबांनी पहिला घास चार वेळा चावून गिळला. "मॅडम, मी आलो ते अशासाठी, की—"

शिट्टी वाजली.

"चारच? गाईगुरं बरी! दुसरा घे. एक, दोन, तीन..."

साहेब चावू लागले. घासामागून घास, मध्ये थांबणं नाही. ताल चुकला की पुन्हा एकपासून. एका घासाला सव्वा मिनिट लागत होतं आणि ताटात अदमासे साठ घास होते. सुनेने मनात गुणाकार केला आणि तिच्या हातातला डाव सुटला.

"बाबा, त्यांना बोलू द्या ना!"

"तोंडात घास असताना? शिस्त आहे की नाही?"

"मग मी मोजते. तुम्ही शांतपणे जेवा." तिने सूत्रं हाती घेतली. "सतरा, अठरा, एकोणीस, तीस—"

शिट्टी. "सूनबाई, वीस ते एकोणतीस कुठे गेले? पुन्हा पहिल्यापासून!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं. नवरा खाली मान घालून चावत राहिला.

दोनला तीन मिनिटं कमी असताना तिचा धीर सुटला. "साहेब, तुम्ही म्हणाल ते मला मंजूर आहे! कुठे सही हवी असेल तर आत्ता देते!"

साहेबांचा चेहरा उजळला. गाल फुगलेले तसेच ठेवून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. तिने पेनाचं टोपण काढलं.

शिट्टी अशी वाजली की ताटं थरथरली.

"जेवणाच्या टेबलावर कागद? खिशात!"

साहेबांच्या हाताने साहेबांना न विचारता कागद परत खिशात घातला. मोजणी चालूच होती. शेवटचा घास संपला तेव्हा घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "आता बोल."

"आता काय बोलू, सर?" साहेबांनी कपाळ टिपलं. "दोनपर्यंत दुसरं नाव गेलं नाही, की ज्येष्ठता यादीतलं पहिलं नाव कायम होतं."

सुनेने हात पुढे केला. साहेबांनी मुकाट्याने कागद दिला. त्यावर टाइप केलं होतं, 'मी विभागप्रमुखपदासाठी स्वखुशीने माघार घेत आहे.' खाली सहीपुरती जागा सोडली होती.

"माझ्या मेहुण्यासाठी," साहेब पुटपुटले. "घरून फार दबाव होता हो."

"आणि यादीत पहिलं नाव कोणाचं?"

"तुमचंच."

सून धावत कपाटाकडे गेली आणि केक घेऊन आली. मास्तरांनी आधी केककडे पाहिलं, मग सुनेच्या चेहऱ्याकडे. "साखर आहे त्यात," ते म्हणाले, आणि भला मोठा तुकडा उचलून त्यांनी सरळ तोंडात टाकला.

सुनेने त्यांच्या गळ्यातली शिट्टी अलगद काढली आणि जोरात फुंकली.

"बाबा, दोनच झाले. अजून अठ्ठेचाळीस!"

साहेब ताठ उभे राहिले आणि मोजू लागले.