राजम्हशीच्या ढेकराची बखर

श्री. ज्याचे उदर थोर आणि ज्यास मोदक कधी बाधला नाही, त्या गजाननास दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरी, भाद्रपद मासी एका राज्यी जे वर्तले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मानकऱ्यांचे वंशज अद्याप हयात आहेत आणि लवकर रुसतात.

त्या राज्यी मंजुळा नामे राजम्हैस होती. महाराजांस धारोष्ण दुधाची आवड, म्हणोन गोठा सदरेस लागूनच बांधिला होता. परराज्याचा वकील तहाचा मसुदा घेऊन आला, आणि "आमचे धनी आपणांस थोरले बंधू मानितात" हे कलम वाचीत असता भिंतीपलीकडून मंजुळेने कोवळ्या चाऱ्याचा ऐसा ढेकर दिधला की सदरेचे पडदे हालले. वकिलाने तो महाराजांचा जबाब समजोन मसुदा गुंडाळिला आणि कूच केले. मग महाराज बहुत खट्टू जाहाले, आणि कारभारी यांस हुकूम केला की ढेकर बंद करावा.

कारभारी यांनी वैद्यराजांस बोलाविले. वैद्यराज बोलिले, "ओव्याचे आणि लवंगेचे तेल, आंबोणाच्या खुराकातून दहा थेंब. दहाचे अकरा करू नयेत. म्हशीच्या पोटी डोळ्यांस न दिसणारी बारीक रयत नांदते. ती चारा आंबविते, तेव्हा म्हशीचे पोषण होते आणि वायूही उठतो. थेंबाने वायू करणारे तेवढे दबतात. अधिक घातल्यास सारी रयतच बुडेल." बोलणे सरळ होते. परंतु त्या राज्याची चाल ऐसी की कोणतेही राजकार्य सात मानकऱ्यांचे हात लागल्याविना सिद्धीस जात नसे. तोफ डागणे असो की लोणचे घालणे असो, सातांनी सात वेळा करावे. मग पहिल्या मानकऱ्याने दहा थेंब घातले, आणि दुसऱ्याने आपण काय कमी म्हणोन वीस घातले, आणि तिसऱ्याने पळी आणविली, आणि सातव्याची पाळी येईतो गोष्ट वाटीवर गेली, आणि कारभारी सर्वांत थोर, म्हणोन त्यांनी तांब्याच उपडा केला. वैद्यराज काकुळतीने हात जोडीत होते, ते मुजरा करितात ऐसे सर्वांस वाटले.

दुसरे दिवशी ढेकर बंद. मग साखर वाटिली, आणि कारभारी यांस शालजोडी मिळाली, आणि वकिलास पुन्हा येण्याविशी सांडणीस्वार गेला. इतक्यात धोंडाई गवळीण गोठ्यात आली. मंजुळेची आई विताच मेली तेव्हा ही पारडी धोंडाईनेच घरी वाढविली होती, आणि सरकारात दिली त्या दिवशी धोंडाई जेवली नव्हती. तिने मंजुळेच्या डाव्या कुशीस कान लाविला आणि तिचा चेहरा उतरला.

"ढेकर न्हाई म्हणून साखर वाटली व्हय तुमी? रवंथ बी न्हाई. पोट गप झालंय हिचं. असंच ऱ्हायलं तर चार दिस काढायची न्हाई ही."

महाराज घाबरे होऊन बोलिले, "बाई, उपाय सांग."

"माझी म्हातारी म्हस हाय घरी. ती रवंथ करताना तिच्या तोंडातला घास काढायचा न् हिला चारायचा. दुधाला इरजान लावत्यात, तसं."

सदर हादरली. कारभारी बोलिले, "राजम्हशीने गावम्हशीचे उष्टे खावे? मग उद्या आम्ही कोणाच्या पंगतीस बसावे?" आणि सातही मानकरी पागोटी सावरून उठू लागले. महाराज एकदा त्यांजकडे पाहत आणि एकदा म्हशीकडे पाहत. म्हैस मान टाकून उभी होती.

धोंडाई हळूच बोलली, "म्हाराज, हिची माय गेली तवा त्याच म्हातारीनं हिला चाटून थोर केली. एका दावणीला दोघींनी एकमेकीचं उष्टं खाल्लंय. तुमी रोज पिता ते दूध त्याच उष्ट्याचं हाय."

महाराजांनी मिशीस दूध लागले आहे की काय ते बोटाने पाहिले, आणि बोलिले, "तर आम्हीही त्याच पंगतीचे. घास आणवा." मग मानकरी घास भरविण्याचा मान मागू लागले, आणि महाराज गादीवर आल्यापासून प्रथमच कडाडले, "हात एकटीचा लागेल." मग धोंडाईने तीन दिवस, सकाळ संध्याकाळ, म्हातारीच्या जबड्यातून घास काढिला आणि कोमट पाण्यात कालवून मंजुळेस पाजिला, आणि अन्नपाणी विसरोन तिच्या कुशीशी बसून राहिली.

चौथे दिवशी वकील आला. त्याने मसुदा उलगडिला, भिंतीकडे संशयाने पाहिले, आणि थोरल्या बंधूंच्या कलमास पोहोचला. तोच पलीकडून ढेकर आला, पहिल्याहून दुप्पट. धोंडाईचे रडणे भिंतीआडून ऐकू आले. वकील लाल होऊन बोलिला, "हा ढेकर कोणी दिला?"

महाराज गादीवरून उठोन उभे राहिले आणि बोलिले, "आम्ही."

एकूण हकीकत इतकीच. तह दोन महिने लांबला, परंतु मंजुळेने पुढे चार वेते दिली. तेलाचे थेंब धोंडाईच्या हातून पडू लागले. मानकऱ्यांचा मानही महाराजांनी राखिला: रोज प्रातःकाळी त्यांनी ओळीने म्हशीच्या डाव्या कुशीस कान लावावा आणि पोट बोलते की नाही ते हुजुरास कळवावे. लिहिण्यात अधिक उणे जाहाले असल्यास वाचणाराने पोटात घालावे, आणि वर तेल घालू नये.