डॉक्टरांची चेन

"अहो, श्वास आत घ्या."

"घेतलाय."

"मग हे पुढे काय उरलंय?"

"ते कायमचं आहे," डॉक्टर म्हणाले.

रविवारची सकाळ होती आणि बायको त्यांना सायकलच्या शर्यतीच्या नव्या पोशाखात कोंबत होती. पोशाख म्हणजे मानेपासून मांडीपर्यंत एकच अखंड कातडी, आणि तिची चेन पाठीवर. हा पोशाख वाऱ्याला फसवतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. वारा फसला की नाही कोण जाणे, डॉक्टर मात्र पहिल्याच भेटीत फसले. बायकोने त्यांच्या कमरेला गुडघा टेकवून शेवटचा हिसका दिला. चेन मानेपर्यंत चढली आणि ती ओढायची पट्टी तुटून बायकोच्या हातात आली.

"वर गेली ना? झालं तर!" डॉक्टर म्हणाले. चेन कधीतरी खालीही आणावी लागते, हा विचार त्या घटकेला काही त्यांच्या डोक्यात आला नाही.

डॉक्टर दातांचे होते आणि सायकलीचं वेड त्यांना पन्नाशीत लागलं होतं. क्लबची शर्यत घड्याळाशी असायची. एकेकाने थोड्या थोड्या अंतराने एकट्याने निघायचं, पुलाला वळसा घालून परत यायचं. ज्याला वेळ कमी तो पहिला. डॉक्टरांना हा प्रकार आवडायचा, कारण आपण सगळ्यांच्या मागे आहोत हे रस्त्यावर कुणाला दिसत नाही. दिसायचं ते नंतर, क्लबच्या फळ्यावर. तिथे त्यांचं नाव इतक्या नेमाने तळाला असायचं, की हल्ली ते पुसायचे कष्ट कुणी घेत नसे.

"अभिनंदन, डॉक्टर! शेवटून पहिले!" त्यांच्या बरोब्बर वर नाव असलेले बेकरीवाले दर रविवारी म्हणायचे. डॉक्टर हसून साजरं करायचे. घरी गेल्यावर मात्र जेवता जेवता एकच घोकायचे. एकदाच, फक्त एकदाच, या माणसाच्या वर नाव लागावं!

त्यासाठी त्यांनी काय नाही केलं? वारा चुकवायला मान खाली घालून चालवायचा सराव केला, आणि त्या नादात एका उभ्या दूधगाडीला जाऊन भेटले. मागच्या आठवड्यात क्लबचा मेकॅनिक म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कोरडे पडता. भरपूर पाणी पीत जा." आपला सल्ला कुणीही पेशंट पाळत नाही हे दुःख डॉक्टरांना रोजचंच. म्हणून दुसऱ्याचा सल्ला तरी अक्षरशः पाळायचा, असं त्यांनी ठरवलं. घरी एक तांब्याभर, वाटेत एक बाटली, आणि शर्यतीची रेघ दिसल्यावर धीर यावा म्हणून आणखी एक.

वेळ मोजायला बाई होत्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांची कवळी डॉक्टरांनीच बसवलेली. टेबलावर प्रत्येकाच्या नावाचं एकेक घड्याळ मांडलेलं. "तीन, दोन, एक, जा!" बाई ओरडल्या. 'तीन' आणि 'दोन' इतके स्वच्छ आले, की आपल्या हातच्या कामावर खूश होत डॉक्टर निघाले.

बेकरीवाले त्यांच्या आधी सुटले होते आणि केव्हाच दिसेनासे झाले होते. पुलापर्यंत सगळं नेहमीसारखंच, म्हणजे वाईट चाललं होतं. पुलावर वळताना खालून नदीचा खळखळाट कानावर आला, आणि पोटातल्या पाण्याने त्याला ओ दिली.

झाडाआड थांबावं म्हणून डॉक्टरांनी एक हात पाठीमागे नेला. चेनला पट्टी नाही! नखाने ओढून पाहिली. ढिम्म हलली नाही. मग त्यांना लख्ख कळलं, की या कातडीतून सुटका एकट्याने होणे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच शर्यत चालू असताना त्यांच्या डोक्यात एक नंबरचा विचार होता, पण तो शर्यतीतला नव्हे.

मग सायकल जी सुटली! मान खाली की वर, गिअर कुठला, कशाचीही शुद्ध नव्हती. चढ आला, गेला. पुढे एक ओळखीची रुंद पाठ दिसली.

"डॉक्टर? अहो, कुत्रं लागलंय का मागे?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

डॉक्टर ओठ आवळून त्यांना मागे टाकत निघून गेले. बोलायचं तर अंग सैल सोडावं लागतं, आणि ते परवडणारं नव्हतं.

रेघेवर पोचताच त्यांनी सायकल मेकॅनिकच्या अंगावर सोडली. बाईंचा हात टेबलावरच्या घड्याळाकडे निघाला होता. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाई, चेन! चेन अडकलीय!"

"मेकॅनिक आहे ना इथेच," बाई म्हणाल्या.

मेकॅनिकने खाली बसून पायडल फिरवलं. "चेन तर लोण्यासारखी फिरतेय, डॉक्टर."

"ती नव्हे! माझी!"

"मग, तुमचीच सायकल आहे ना ही?"

"अहो, सायकलीची नाही, माझी चेन!" डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाले. "मला... जायचंय!"

हे नाचणं बाईंनी उभा जन्म पहिलीच्या वर्गात पाहिलं होतं. त्यांनी डॉक्टरांना दंडाला धरून क्लबच्या मोरीच्या दाराशी नेलं. "पाठ करा!" त्या कडाडल्या. डॉक्टरांनी निमूटपणे पाठ केली. बाईंनी केसातला आकडा काढून चेनमध्ये अडकवला, खेचला, आणि डॉक्टर आत अंतर्धान पावले. तेवढ्यात बेकरीवाले आले. त्यांचं घड्याळ मेकॅनिकने बंद केलं.

डॉक्टर बाहेर आले ते तृप्त, पुनर्जन्म झाल्यासारखे. टेबलाभोवती सगळा क्लब जमला होता आणि बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. डॉक्टरांचं घड्याळ अजून चालूच होतं.

"माझीच चूक," बाई म्हणाल्या. "मधला वेळ वजा करू या. चेन काढायला फारसा वेळ नाही लागला. प्रश्न आहे आतल्या वेळाचा. डॉक्टर, तुम्ही आत किती वेळ होता?"

"मी तेव्हा डॉक्टरांच्या सायकलचे टायर पाहत होतो," मेकॅनिक म्हणाला. "तरी बराच वेळ झाला असेल."

"इतका कसा लागेल?" एक म्हणाला.

"वय बघा ना त्यांचं!" दुसरा.

"आणि पाणी किती प्यायले होते, त्यावरही आहे," तिसऱ्याने शास्त्र काढलं.

"मग असं करू," बाई म्हणाल्या. "तेवढंच पाणी पुन्हा पाजून—"

"थांबा!" डॉक्टर ओरडले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "काही वजा करायचं नाही! घड्याळ म्हणेल ते खरं. मी शेवटचा आहे. मला शेवटचंच लिहा!"

मग बाईंनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्या क्लबने. "याला म्हणतात खिलाडूपणा!" कुणीतरी म्हणालं. फळ्यावर डॉक्टरांचं नाव तळाला होतंच; कुणाला काही लिहावं लागलं नाही.

गर्दी पांगल्यावर बेकरीवाले हळूच त्यांच्याजवळ सरकले. चेहरा गंभीर, आवाज खासगी.

"खरं सांगा डॉक्टर, आपसातली गोष्ट. किती वेळ लागला हो?"

"कशाला? तुम्हाला मागे टाकायला?" डॉक्टर म्हणाले. "छे, काहीच नाही."