पायरी ठोकून उतरणारे दामूअण्णा

प्रिय ईशान आणि मीरा,

तुम्ही दोघं तिकडे संगणकावर बुद्धिबळ खेळता, असं परवा तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. तेव्हा दामूअण्णांबद्दल आत्ताच लिहून ठेवते. भिवंडीत त्यांना ओळखणारी माणसं आता थोडीच उरलीत.

अण्णा जिना उतरताना प्रत्येक पायरी आधी काठीनं ठोकून बघत. ते आमच्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. तरुणपणी ते एका संस्थानाच्या दरबारात देशी बुद्धिबळ खेळले होते. जिंकायचे क्वचित, पण त्यांना हरवणं कुणाला जमलं नाही. पाठीशी दुसरं मोहरं असल्याशिवाय प्यादंसुद्धा पुढे करायचं नाही, असा त्यांचा खेळ. त्या पाठबळाला 'जोर' म्हणतात. मी भाजीला निघाले तरी दारातून विचारत, "वहिनी, जोर आहे का?" म्हणजे, सोबत कोण आहे?

"पिशवी आहे!"

"हसा. राजा असाच उघडा पडतो."

तळमजल्यावर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग होते. दिवसभर इमारत थरथरायची. पटावरची मोहरी जागची हलू नयेत म्हणून अण्णांनी त्यांच्या बुडाला घोंगडीच्या चकत्या चिकटवल्या होत्या. जिन्याच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती. "नुसता गिलावा फुटलाय," असं मालक म्हणे. मी तिच्याजवळून श्वास रोखूनच जात असे.

रोज दुपारी अण्णा दुसऱ्या मजल्यावर रशीदभाईंकडे खेळायला जात. रशीदभाई पूर्वी जॉबर होते, म्हणजे लूम दुरुस्त करायचे, आता अर्धांगानं खाटेला खिळलेले. मुलगा-सून ड्युटीवर.

"अण्णा, आप तो मौत को भी बराबरी पे रोकोगे!"

"तिनं आधी जोर लावून यावं," अण्णा म्हणत.

एका दुपारी मी रशीदभाईंना ताक द्यायला गेले. वीज गेली होती, लूम बंद, सगळं चिडीचूप. आणि पटावरचा हत्ती आपोआप कलंडला, खाली पडून भिंतीकडे घरंगळत गेला. मी तो उचलला.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "लूम बंद आहेत, वहिनी. जमीन खचतेय. दारं ठोका, सगळ्यांना खाली काढा!"

मी ओरडत दारोदार धावले. रस्त्यावर सगळे जमले, पण अण्णा दिसेनात. एवढा भित्रा माणूस सर्वांच्या आधी खाली असेल, असं मला वाटलं होतं.

वर पाहिलं तर ते खिडकीत होते.

"अण्णा, उतरा!"

"चार माणसं पाठवा. रशीदभाईंना एकटं कसं सोडू?" आवाज कापत होता, पण ते हलले नाहीत.

लूमवरची मुलं वर धावली आणि रशीदभाईंना खाटेसकट घेऊन आली. आम्ही जीव मुठीत धरून जिन्याकडे बघत होतो. मागून ठक, ठक. अण्णा तेव्हाही प्रत्येक पायरी ठोकत होते!

"अरे, भागो अण्णा!" रशीदभाई खाटेवरून ओरडले.

दिवेलागणीच्या आत मागची अर्धी इमारत बसली. आत कुणी नव्हतं.

आता अण्णाही नाहीत, रशीदभाईही नाहीत. पट ढिगाऱ्यात गेला. हत्ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. त्याच्या बुडाची घोंगडीची चकती अजून निघालेली नाही.