बापाचा बुरुज की मुलाचा

पेंटर शिडीवरून उतरला, दोन पावलं मागे सरकला आणि बुरुजाच्या दरवाज्यावरचा शिलालेख मान तिरकी करून न्याहाळत म्हणाला, "आता कसं! रस्त्यावरूनसुद्धा दिसतंय."

शिलालेखवाचक मटकन पायरीवर बसले. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत त्यांना सगळे 'टिंबे' म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण गेली अकरा वर्षं ते एका टिंबाच्या मागे लागले होते. सातशे वर्षांपूर्वी कुणा सुलतानाने हा बुरुज बांधला आणि दगडावर अरबीत साल कोरून घेतलं. अरबीतले 'सत्तर' आणि 'नव्वद' हे शब्द टिंबं काढली तर हुबेहूब सारखे दिसतात, आणि इथली टिंबं शेवाळ्याखाली गडप झाली होती. सत्तर असेल तर बुरुज बाप सुलतानाचा, नव्वद असेल तर त्याच्यामागून गादीवर आलेल्या मुलाचा. टिंबे बापाच्या बाजूचे, विद्यापीठातले प्राध्यापक मुलाच्या. त्यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. आज दुपारी बारा वाजता प्राध्यापक आणि कचेरीचे साहेब येऊन कायमचा निकाल लावणार होते.

शेवाळं काढा, असं टिंबे वर्षानुवर्षं पत्रांतून विनवत होते. प्रत्येक पत्राचा शेवट एकच: 'अक्षरे स्पष्ट करावीत.' अखेर मंजुरी आली आणि साहेबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर धाडला.

"अहो, ही टिंबं कुठून आणलीत?"

"मनानंच दिली. अक्षरं अगदी बोडकी दिसत होती."

टिंब्यांनी वर पाहिलं. मनाने दिलेल्या टिंबांनी 'नव्वद' झालं होतं.

"पुसा ती! आत्ताच्या आत्ता!"

"पुसून खाली काय मिळणार? आधी तारेच्या ब्रशनं मस्त खरवडून घेतलंय. खडबडीत होतं ते सगळं गेलं."

आता एकच आशा उरली होती. दहा वर्षांपूर्वी ओला कागद दगडावर ठोकून घेतलेला ठसा घरी होता; त्यात शेवाळ्याखालच्या टिंबांचा निदान अंधुक उठाव तरी आला होता. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, कपाटावर माझा जाड पांढरा कागद आहे बघ, उठावाची अक्षरं असलेला."

"तो सुरकुतलेला?"

"सुरकुत्या नव्हेत त्या!"

"अहो, कालच कपाट आवरलं. म्हटलं, तुमच्या कामाचा कागद आणि इतका चुरगळलेला! पाणी मारून इस्त्री फिरवली. आता कसा गुळगुळीत झालाय!"

टिंब्यांनी फोन ठेवला. रागवायचीही सोय नव्हती. तीस वर्षांत तिने त्यांच्या संशोधनाला लावलेला हा पहिलाच हातभार होता.

बाराला दोघे आले. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि ते ओरडलेच. "नव्वद! साहेब, नव्वद!"

"ती टिंबं पेंटरची आहेत," टिंबे म्हणाले.

"हरल्यावर पेंटर आठवला वाटतं!"

साहेबांनी फाइल उघडली. "'मूळ अक्षरांत बदल झालेला नाही' या दाखल्यावर तुमचीच सही आहे, टिंबे."

"ती तुम्ही गेल्या आठवड्यातच घेतलीत!"

"कामाला उशीर नको म्हणून."

प्राध्यापक शिडी चढले आणि त्यांनी एका टिंबावरून मायेने बोट फिरवलं. खाली उतरले तेव्हा बोट पिवळंधमक झालं होतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग पेंटरकडे.

"ओलं आहे, सांगणारच होतो," पेंटर म्हणाला.

प्राध्यापक हळूच टिंब्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. "तुमच्याकडे ठसा असेल ना?"

"इस्त्री झाली त्याला."

"कुणी केली?"

"घरच्यांनी."

प्राध्यापक उठून उभे राहिले. बोट खिशात घातलं असतं तर निकाल त्यांचाच होता. त्यांनी ते वर धरलं. "साहेब, लिहून घ्या. साल वाचता येत नाही."

"आणि यापुढे येणारही नाही," टिंबे म्हणाले.

अकरा वर्षांत दोघांचं हे पहिलंच एकमत. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी दोघांच्या सह्या घेतल्या, प्रश्न कायमचा निकाली निघाल्याची नोंद केली आणि दोघांचं मनापासून अभिनंदन केलं.